शहामृगाचे सगेसोयरे

कार्ल लिनेयसने १७५८ साली 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली आणि प्राण्यांना दोन शब्दांचं शास्त्रीय नाव द्यायची रीत तिथून पक्की झाली. त्या आवृत्तीत 'स्ट्रुथिओ' नावाच्या एकाच प्रजातीत त्याने चार पक्षी दाटीवाटीने बसवले आहेत. आफ्रिकेचा शहामृग, न्यू गिनीकडचा कॅसोवरी, दक्षिण अमेरिकेचा रिया आणि चौथा मॉरिशसचा डोडो. चौघंही अंगाने मोठे, चौघांनाही उडता येत नाही. तेवढ्यावर त्याने त्यांना सख्खे भाऊ ठरवलं.

डोडो या घरातून लवकर बाहेर पडला. १७६६ च्या आवृत्तीत खुद्द लिनेयसनेच त्याला वेगळी प्रजाती दिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हाडं तपासणाऱ्यांनी त्याला कबुतरांत नेऊन बसवलं, आणि २००२ साली डीएनएच्या तपासणीत त्याचा हयात नातलगांतला सगळ्यांत जवळचा निघाला तो निकोबारी कबुतर, म्हणजे आपल्याच अंदमान-निकोबारकडचा पक्षी. उरलेल्या पक्ष्यांची नाती उलगडायला मात्र अडीचशे वर्षं गेली, आणि शेवटी जे हाती आलं ते इतकं अनपेक्षित आहे की मला ते प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

मी खानदेशात पदवीच्या वर्गांना प्राणिशास्त्र शिकवत आलो. वर्गीकरण म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात. गण, कुल, प्रजाती, जाती, सगळी लॅटिन नावं, आणि परीक्षा झाली की विसरायची. पण वर्गीकरण ही नावांची यादी नाही. कोण कोणाचा नातलग, कोणाचे पूर्वज कुठे एक होते आणि केव्हा वेगळे झाले, याबद्दलचं ते ठाम विधान असतं. आणि विधान म्हटलं की ते खोटंही ठरू शकतं. शहामृगाच्या घराण्याबद्दल केलेली विधानं तर एकामागून एक खोटी ठरत गेली. म्हणूनच हा विषय शिकवायला मला कायम आवडला.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एमूपालनाचं वारं आलं होतं. पिल्लांच्या जोड्या एकमेकांना विकण्यावर तो धंदा उभा होता. मांसाला, तेलाला खरं गिऱ्हाईक नव्हतंच. तो बसला तेव्हा कर्ज काढून कुंपणं घातलेल्या शेतकऱ्यांचे हाल झाले. पाहायला येणारे बहुतेक लोक त्या एमूंना शहामृगच म्हणत. एका विद्यार्थ्याच्या शेतावर असा कळप होता, आणि मी वर्गातल्या सगळ्यांना तिथे घेऊन गेलो. "आधी बोटं मोजा," असं सांगितलं. एमूच्या पायाला तीन बोटं. शहामृगाला दोनच, त्यातलं एक जाडजूड आणि खुरासारख्या नखाचं, तर बाहेरचं लहान. पक्षीजगतात पायाला दोनच बोटं असणारा दुसरा पक्षी आज नाही. शहामृग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावतो, त्यामागे या पायाचा मोठा वाटा आहे.

मग आम्ही कुंपणाशी पडलेलं पीस उचललं. एमूच्या पिसाची गंमत हातात घेतल्याशिवाय कळत नाही: एकाच मुळातून दोन दांड्या निघतात, जवळजवळ सारख्याच लांबीच्या. कॅसोवरीचं पीसही असंच जोड-दांडीचं. शहामृगाच्या पिसाला दांडी एकच, पण तिच्या दोन्ही बाजूंचे तंतू सारख्या रुंदीचे. उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखातलं मोठं पीस घ्या, कावळ्याचं चालेल, घारीचं चालेल. त्यात एक बाजू अरुंद असते, एक रुंद, आणि तंतू एकमेकांत आकड्यांनी अडकलेले असतात. शहामृगाच्या पिसात ते आकडे नाहीत, म्हणून ते असं सुटं-सुटं, मऊ लोंबतं. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर ती पिसं शोभली आणि त्यापायी एकेकाळी हजारो पक्षी मारले गेले, ते याच मऊपणामुळे.

त्या शेतकऱ्याने मेलेल्या एका एमूचं छातीचं हाड आम्हांला दिलं. आम्ही ते उकळून, साफ करून कोंबडीच्या हाडाशेजारी टेबलावर ठेवलं. ज्यांच्या घरी कोंबडी शिजते त्यांना ते ओळखीचं असतं: मधोमध उभी धार, तिच्या दोन्ही अंगांना छातीचं मांस. पंख खाली खेचणारे स्नायू त्या धारेला धरलेले असतात. एमूच्या हाडाला धारच नाही, ते सपाट, ढालीसारखं. शहामृग, रिया, कॅसोवरी, किवी, सगळ्यांचं असंच.

जर्मन शास्त्रज्ञ ब्लासियस मेरेम याने १८१३ साली नेमकं हेच लक्षण धरून सगळ्या पक्ष्यांचे दोन भाग केले. धार असलेले कॅरिनेटी, धार नसलेले रॅटायटी. विभागणी सुटसुटीत होती आणि पाठही चटकन व्हायची. प्रात्यक्षिक परीक्षेत स्पॉटिंगला शहामृगाचं चित्र ठेवलं की मुलं आजही लिहितात, 'रॅटायटी, छातीच्या हाडाला धार नाही, पंख अविकसित', आणि गुण मिळतात. पण नसलेल्या गोष्टीवरून नातं जोडायचं म्हणजे जरा जोखमीचंच काम. न्यूझीलंडमध्ये काकापो नावाचा न उडणारा पोपट आहे, त्याचीही ही धार झिजून नावापुरती राहिली आहे. म्हणून तो शहामृगाचा भाऊ होत नाही. उडणं बंद झालं की धारेचा आणि तिला धरलेल्या भल्यामोठ्या स्नायूंचा खर्च शरीराला परवडत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या ती आटत जाते. वेगवेगळ्या घराण्यांत ती वेगवेगळी आटू शकते.

थॉमस हेन्री हक्सली याने म्हणूनच चोचीच्या आत डोकावून पाहिलं. डार्विनची बाजू लढवणारा तो हाच हक्सली. पक्ष्याची कवटी उलटी धरली की टाळूची नाजूक हाडं दिसतात. १८६७ साली त्याने पक्ष्यांचं वर्गीकरण त्या हाडांच्या रचनेवरून मांडलं. शहामृग आणि मंडळींच्या टाळूत एक ठेवण दिसते जी चिमणी-कावळा-कोंबडी यांच्यात नाही: मधलं हाड मोठं, बाजूची हाडं एकमेकांशी घट्ट, आणि कवटीच्या तळाशी त्यांचा सांधा. आज या सगळ्या घराण्याला पॅलिओग्नाथी म्हणतात. हे नाव पायक्राफ्टने १९०० साली दिलं, त्यामागची पाहणी मात्र हक्सलीची.

त्याच पाहणीत एक भलताच पाहुणा सापडला. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत टिनामू नावाचे पक्षी आहेत, आपल्या तित्तिरासारखे दिसणारे, रानात जमिनीवर वावरणारे, चाळीसहून अधिक जातींचे. त्यांची टाळू शहामृगाच्या धाटणीची. पण छातीच्या हाडाला व्यवस्थित धार आहे आणि ते उडतात. लांब नाही, धापा टाकत, पण उडतात. शंभरहून अधिक वर्षं त्यांना 'शहामृगांच्या शेजारचे' म्हणून दारात उभं केलं गेलं. घरात घेतलं नाही, कारण घराची अटच होती 'उडता न येणे'.

मधल्या काळात भूगर्भशास्त्राने एक देखणी कथा पुरवली. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर, न्यूझीलंड आणि आपला भारत ही सगळी भूमी एकेकाळी गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात होती. जोएल क्राक्राफ्ट याने १९७४ साली मांडलं की न उडणारा एकच पूर्वज गोंडवनावर हिंडत होता. भूमी फुटली, तिचे तुकडे दूर गेले आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचे वंशज वेगळे झाले. आफ्रिकेत शहामृग, अमेरिकेत रिया, ऑस्ट्रेलियात एमू, मादागास्करला हत्तीपक्षी, न्यूझीलंडला किवी आणि मोआ. नकाशा आणि वंशवृक्ष एकमेकांवर असे चपखल बसले की ही कथा प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेली. अनेक पुस्तकांत ती अजूनही आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. मुलं चांगली असतात, मन लावून वाचतात. त्यांच्या हाती शिळं ज्ञान का द्यायचं?

या कथेला पहिला तडा न्यूझीलंडवरून गेला. किवी आणि मोआ एकाच बेटांवरचे, तेव्हा ते एकमेकांचे सख्खे असणार असं सगळे धरून चालले होते. अॅलन कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली नामशेष मोआच्या हाडांतून डीएनए काढला. किवी मोआपेक्षा एमू आणि कॅसोवरीच्या जास्त जवळचा निघाला. मग २००८ साली जॉन हार्शमन आणि इतरांनी बरीच जनुकं एकत्र तपासली, तेव्हा टिनामू घराबाहेर नव्हे, ऐन माजघरात बसलेले आढळले. सगळ्यांत आधी शहामृगाची फांदी वेगळी होते, आणि उरलेल्या झाडात न उडणाऱ्यांच्या मधोमध हे उडणारे टिनामू. त्यांचा सगळ्यांत जवळचा नातलग नंतर ठरला तो मोआ. मोआला पंखाचं एक हाडसुद्धा नव्हतं.

आता इथे थांबून विचार करावा लागतो. एक तर सगळ्यांचा पूर्वज उडत नव्हता आणि टिनामूंनी उडणं पुन्हा कमावलं, नाहीतर पूर्वज उडत होता आणि शहामृग, रिया, मोआ, किवी वगैरेंनी ते आपापल्या ठिकाणी, वेगवेगळं सोडलं. गमावलेलं उड्डाण परत मिळवणं फार अवघड. पंख, स्नायू, पिसं, हाडं, सगळं पुन्हा जुळून यावं लागतं. सोडणं मात्र सोपं. पाणकोंबडीच्या कुळातल्या पक्ष्यांनी कितीतरी बेटांवर ते सोडलं आहे. म्हणून दुसरीच शक्यता शास्त्रज्ञांनी धरली.

शेवटचा घाव २०१४ साली पडला. मादागास्करचा हत्तीपक्षी हा एपिऑर्निस, आजवर होऊन गेलेल्या पक्ष्यांतला सगळ्यांत भारी म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या एका अंड्यात आठ-दहा लिटर पाणी मावेल. माणसाच्या काळातच तो संपला. एडिलेड विद्यापीठातल्या किएरन मिशेल, कूपर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या हाडांतून डीएनए काढला. अपेक्षा होती की मादागास्करचा हा पक्षी आफ्रिकेच्या शहामृगाचा शेजारी निघेल. तो निघाला न्यूझीलंडच्या किवीचा सख्खा. किवी कोंबडीएवढा, रात्री जमिनीत चोच खुपसून किडे शोधणारा, आणि मध्ये अख्खा हिंदी महासागर. दोघांचे पूर्वज वेगळे झाले सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, असं डीएनएचं गणित सांगतं. मादागास्कर आणि न्यूझीलंड त्याच्या कितीतरी आधी दूर झाले होते. तेव्हा ते पूर्वज जमिनीवरून चालत गेले नाहीत. उडून गेले.

त्याच संशोधकांनी कारणही सुचवलं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले. जमिनीवर चरणाऱ्या मोठ्या प्राण्यांची जागा मोकळी झाली आणि सस्तन प्राणी अजून लहान होते. त्या मधल्या काळात निरनिराळ्या खंडांवर उतरलेल्या उडत्या पक्ष्यांना जमिनीवर मोठं होण्याची संधी मिळाली. याला जुळणारे जीवाश्मही उत्तर गोलार्धात आहेत. लिथॉर्निस आणि त्याचे सोबती हे उडणारे, शहामृगासारख्या टाळूचे पक्षी युरोप-अमेरिकेत सापडले आहेत. जर्मनीत सापडलेल्या पॅलिओटिस या पक्ष्याला १९२८ साली माळढोकाचा नातलग मानून नाव दिलं गेलं. पुढे पीटर हौडे आणि हार्टमुट हाउबोल्ड यांनी त्याला या घराण्यात आणलं.

म्हणजे रॅटायटी हा गट आता नात्याचा गट राहिला नाही, सवयीने एकत्र घेतलेल्या पक्ष्यांचा जथा तेवढा उरला. म्हणून आज एकेकाचा वेगळा गण मानतात: रियांचा वेगळा, किवींचा वेगळा, एमू-कॅसोवरींचा एक, टिनामूंचा एक, मोआ आणि हत्तीपक्ष्यांचे आपापले. शहामृगाच्या गणात, स्ट्रुथिओनिफॉर्मिसमध्ये, हयात पक्ष्यांपैकी शहामृगच उरतो. कुल स्ट्रुथिओनिडी, प्रजाती स्ट्रुथिओ. लिनेयसने चौघांना दिलेल्या घरात आता त्याचा एकट्याचा संसार आहे.

एकट्याचा म्हटलं खरं, पण जाती दोन आहेत. सोमालिया, इथिओपिया आणि केनियाच्या कोरड्या भागातल्या शहामृगाची मान आणि मांड्या निळसर करड्या असतात. बाकीच्या आफ्रिकेतल्या नरांच्या लालसर, गुलाबी किंवा करड्या. रायखेनोव याने १८८३ साली या निळसर पक्ष्याला स्ट्रुथिओ मोलिब्डोफेनिस हे नाव दिलं होतं, पण दीर्घकाळ त्याला उपजातीच समजलं गेलं. डीएनएने फरक दाखवला आणि २०१४ साली बर्डलाइफ इंटरनॅशनलने त्याला स्वतंत्र जात मानलं. या बदलामागे शाईचा एक थेंब खर्च झाला असेल, पण परिणाम मोठा. तोवर शहामृगाची एकत्र गणती व्हायची आणि एकत्र गणतीत तो सुखरूप दिसायचा. वेगळं मोजल्यावर सोमाली शहामृग धोक्यात असल्याचं उघड झालं, आणि जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' म्हणून झाली.

अरबस्तानातला शहामृग मात्र विसाव्या शतकात बंदुका आणि मोटारगाड्यांपुढे संपला. तो परत आणायचा तर कुठला पक्षी आणायचा? सोमाली शहामृग नकाशावर जवळचा दिसतो. पण डीएनएने अरबी पक्ष्याचं नातं उत्तर आफ्रिकेतल्या लाल मानेच्या उपजातीशी लावलं, आणि सौदी अरेबियातल्या महाझत अस-सैद अभयारण्यात त्या लाल मानेच्या पक्ष्यांनाच सोडलं गेलं. वर्गीकरणाचा उपयोग काय, असं मला कोणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

मोआचं एक प्रकरणही सांगायलाच हवं. रिचर्ड ओवेनने १८३९ साली वीतभर हाडाच्या एका तुकड्यावरून न्यूझीलंडमध्ये शहामृगाएवढा पक्षी होता असं जाहीर केलं आणि चार वर्षांत आलेल्या हाडांच्या पेट्यांनी ते खरं ठरवलं. पण पुढे हाडांच्या मापांवरून मोठ्या मोआच्या अनेक जाती पाडल्या गेल्या. २००३ साली डीएनएतून लिंग ओळखता आलं, तेव्हा कळलं की लहान हाडं नरांची आणि मोठी माद्यांची. मादी वजनाने नराच्या दुपटीहून जास्त भरत असे. नवरा-बायकोला वेगळ्या जाती म्हणून नोंदवलं गेलं होतं.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. चाळीसगाव तालुक्यात, सातमाळा-अजिंठ्याच्या पायथ्याशी पाटणे आहे. तिथल्या उत्खननात १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. पुढे दायमाबादचं उत्खनन करणारे ते हेच. त्यातल्या एका तुकड्यावर दोन समांतर रेघा आणि त्यांच्या मध्ये तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे. सोबत कवचाचे मणी. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. भीमबेटकाच्या एका दफनात सांगाड्याच्या गळ्याशी असेच मणी होते. राजस्थान आणि मध्य प्रदेशातही अशी कवचं ठिकठिकाणी सापडली आहेत.

खानदेशात शहामृग! मुलांचा विश्वास बसत नाही. म्हणून पुरावा कसा तपासतात ते मी सविस्तर सांगतो. अंड्याचं कवच सजीवाने घडवलेली वस्तू आहे. आतल्या पिल्लाला हवा मिळावी म्हणून त्यात आरपार नळ्या असतात आणि त्यांची तोंडं पृष्ठभागावर दिसतात. शहामृगाच्या कवचावर ती गोल खळग्यांत किंवा टिपक्यांच्या पुंजक्यांत असतात, तर हत्तीपक्ष्याच्या कवचावर लांबट भेगांसारखी. शहामृगाचं कवच सुमारे २ मिलिमीटर जाड आणि पांढरट. एमूचं त्याहून पातळ आणि गडद हिरवं. अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी भारतातले तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि ते शहामृगाचेच ठरवले. २०१७ साली रुरकीची आयआयटी आणि हैदराबादची सीसीएमबी इथल्या संशोधकांनी गिरिराज कुमार यांच्यासह अशा कवचांतून डीएनए मिळवला. तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. आपल्यासारख्या उष्ण देशात इतक्या वर्षांनी डीएनए टिकणं कठीण. कॅल्साइटच्या स्फटिकांत अडकून पडल्यामुळे तो कवचात हाडापेक्षा बरा राहतो.

शिवालिक टेकड्यांतल्या हाडांवरून मिल्न-एडवर्ड्स याने १८७१ साली स्ट्रुथिओ एशियाटिकस ही वेगळी जात मांडली होती. ती हाडं पाटण्याच्या तुकड्यांहून फार जुनी आहेत. त्यामुळे पाटण्याचा पक्षी त्या जुन्या आशियाई जातीचा वंशज होता, की अरबस्तानातून पसरत आलेल्या लाल मानेच्या शहामृगाचा भाऊबंद होता, हा प्रश्न डीएनएच सोडवू शकेल. पद्धत आता आपल्याकडे आहे आणि कवचंही आपल्याच देशात, वस्तुसंग्रहालयांच्या कपाटांत आहेत. कोरलेल्या तुकड्याला हात लावायचं कारण नाही. बिनकामाचे, न घासलेले, नखाएवढे तुकडे पुरतात. ते प्रयोगशाळेत पाठवावेत, आणि ज्या पाठ्यपुस्तकात अजून गोंडवनावरचा एकच न उडणारा पूर्वज छापला जातो त्याच्या पुढच्या आवृत्तीत पाटण्याच्या कवचाचा निकाल यावा, असं मला फार वाटतं.